'नाही' म्हणण्याची रीत
(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाचा विषय कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कशाला हाती घ्यावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्तही आहे. परंतु या लेखाचा विषय वरवर संगणकाचा असला तरी मुळात तो नावांचा आहे. वस्तूला किंवा व्यक्तीला ठेवलेले नाव म्हणजे नाम, हे आपण व्याकरणात शाळेपासून शिकतो. पण नाव उच्चारले आणि त्या नावाची वस्तू पुढे आलीच नाही तर काय समजायचे? वस्तू जगात नाहीच असे समजायचे, की नाव चुकले असे समजायचे? की ज्याला विचारले त्याच्यापर्यंत ते नाव पोचलेले नाही, असे? लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्या लोकांना हा प्रश्न रोज पडतो. त्यांनी त्यावर बराच विचार केला आहे. तो विचार आपल्यासारख्यांच्याही उपयोगाचा आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

भांडार आणि यादी

संगणक सुरू झाल्यावर त्याच्या सर्व भागांना कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली आहे, तशीच लिनक्स ही दुसरी. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला आणि तो सर्वांना वाचता व बदलता येईल असा खुला ठेवला. पुढे या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापले संच बांधले. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन हा संच सुरू केला. त्याच्याच आधारावर २००४ साली उबुंटू आला. फेडोरा, आर्च, ओपनसुसे हे असेच आणखी काही संच होत. यांतील बहुतेकांना पैसे पडत नाहीत आणि काही संच जुन्या संगणकावरही चालतात, म्हणून खेड्यातल्या शाळा-महाविद्यालयांना त्यांचा मोठा आधार आहे.

लिनक्सवर नवा प्रोग्रॅम हवा असेल तर तो कोठून तरी शोधून आणावा लागत नाही. प्रत्येक संचाचे स्वतःचे एक भांडार असते. त्यातील प्रत्येक जिन्नस एका गाठोड्यात बांधलेला असतो, त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. गाठोड्यात प्रोग्रॅम तर असतोच, शिवाय एक चिठ्ठीही असते. चिठ्ठीवर पॅकेजचे नाव, त्याची आवृत्ती आणि ते चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजे लागतील हे लिहिलेले असते. २०२३ साली आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. एवढ्या पसाऱ्यातून हवे ते काढून देणारा जो प्रोग्रॅम, तो पॅकेज व्यवस्थापक. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याचे नाव ॲप्ट, फेडोरात डीएनएफ, आर्चमध्ये पॅकमन आणि ओपनसुसेमध्ये झिपर. या सर्वांना द्यायच्या आज्ञा रोमन अक्षरांत टंकायच्या असतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी त्या देवनागरीत दिल्या आहेत.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. आपण 'ॲप्ट इन्स्टॉल' असे लिहून एखादे नाव दिले, तर ॲप्ट ते नाव शोधायला जगभर हिंडत नाही. ते आपल्याच संगणकात ठेवलेल्या एका यादीत पाहते. ही यादी 'ॲप्ट अपडेट' या आज्ञेने भांडाराकडून मागवून ठेवलेली असते. ती कोणत्या भांडारांकडून मागवायची, हेही संगणकातच एका ठिकाणी लिहिलेले असते. म्हणजे ॲप्टचे ज्ञान त्याच्या यादीएवढे आणि त्याची यादी जितकी ताजी तितकेच ताजे. दुकानदाराने गोदामात न जाता वहीत पाहून माल आहे की नाही ते सांगावे, तसाच हा प्रकार आहे.

'नाही'चे चार अर्थ

मागितलेले नाव यादीत मिळाले नाही की ॲप्ट एक ओळ छापते. तिचा मराठीत अर्थ 'अमुक पॅकेजचा ठावठिकाणा लागत नाही' असा होईल. नवखा माणूस ही ओळ वाचतो आणि असे पॅकेजच नाही असे धरून चालतो. वास्तविक त्या ओळीने तसे म्हटलेलेच नसते. वस्तू जगात नाही असा दावा त्यात नाही. मला ठावठिकाणा लागला नाही, एवढेच ते सांगते.

ठावठिकाणा न लागण्याची कारणे अनेक असू शकतात. अक्षर चुकलेले असेल. यादी बरेच दिवस ताजी केलेली नसेल. नव्याने बसविलेल्या प्रणालीत तर यादी कधी कधी मुळीच आणलेली नसते, आणि मग अगदी नेहमीचे नावही अनोळखी ठरते. ते पॅकेज भांडाराच्या अशा दालनात असेल, की जे दालन आपल्या संगणकाच्या नोंदीत उघडलेलेच नाही. किंवा ते नाव दुसऱ्याच संचातले असेल. म्हणून जाणती माणसे ही ओळ दिसली की प्रथम यादी ताजी करतात, मग 'ॲप्ट सर्च' या आज्ञेने नावाचा एखादा तुकडा किंवा वर्णनातला शब्द घालून शोधतात, आणि मगच निराश व्हायचे की नाही ते ठरवतात.

हा पहिला अर्थ झाला. दुसरा अर्थ याहून बारीक आहे. कधी कधी ॲप्ट सांगते की या नावाचे पॅकेज उपलब्ध नाही, परंतु दुसऱ्या एका पॅकेजने त्याचा उल्लेख केलेला आहे. ते कदाचित काढून टाकले असेल, कालबाह्य झाले असेल किंवा दुसऱ्या भांडारात असेल. म्हणजे नाव ऐकलेले आहे, पण देण्याजोगी वस्तू हाती नाही. गावात एखाद्याला विचारावे आणि त्याने 'नाव ऐकले आहे, पण तो माणूस आता येथे राहत नाही' असे सांगावे, तसे हे उत्तर आहे. 'असा कोणी माहीतच नाही' या उत्तराहून ते निराळे आहे, आणि विचारणाऱ्याला त्याचा उपयोगही अधिक आहे.

नाव उरले आणि वस्तू गेली तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण मार्च २०१६ मधले आहे. जावास्क्रिप्ट या भाषेतल्या प्रोग्रॅमांसाठी एनपीएम नावाचे एक जागतिक भांडार आहे. त्यातून 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. ते मागणारी असंख्य इतर पॅकेजे होती. त्यांच्या चिठ्ठ्यांवर नाव तसेच राहिले, वस्तू मात्र नव्हती. आणि जगभर ठिकठिकाणची कामे अडून बसली. अखेर भांडाराच्या चालकांना ते पॅकेज परत ठेवावे लागले.

तिसरा अर्थ मला सर्वांत मौजेचा वाटतो. काही नावे वस्तूंची नसतात, कामाची असतात. पोलीसपाटील हे कोणा माणसाचे नाव नाही, ते पद आहे. डेबियनमध्ये 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' असे एक नाव आहे. त्याचा अर्थ टपाल पोचवणारा. या नावाचे पॅकेज प्रत्यक्षात नाही, परंतु ते काम करणारी एक्झिम, पोस्टफिक्स अशी पॅकेजे आहेत. अशा नावाला आभासी पॅकेज म्हणतात. ते मागितले तर ॲप्ट केवळ नकार देत नाही. हे नाव आभासी आहे, ते काम पुढील पॅकेजे करतात, त्यांतले एक तुम्ही निवडा, असे ते सांगते. ओपनसुसेचे झिपरही काहीसे असेच वागते. पॅकेजांच्या नावांत काही सापडले नाही, आता गुणधर्मांत शोधून पाहतो, असे कळवून ते पुढचा प्रयत्न करते.

चौथा अर्थ नाव बदलल्याचा. नवे नाव घेतलेल्या पॅकेजच्या जुन्या नावाने एक रिकामे पॅकेज काही काळ भांडारात ठेवतात. त्यात प्रोग्रॅम नसतो, फक्त 'मी आता नव्या नावाने राहतो' अशी चिठ्ठी असते. जुने नाव घेणारा माणूस त्या चिठ्ठीवरून आपोआप नव्या जागी पोचतो. सासरी गेलेल्या मुलीचा पत्ता शेजाऱ्यांनी सांगावा, तसेच हे. काही वर्षांनी सर्वांना नवे नाव माहीत झाले की रिकामे पॅकेज काढून टाकतात.

नागली, नाचणी आणि लोहित

एकाच वस्तूची दोन नावे असली की काय होते, हे हरसूलच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपण जिला नागली म्हणतो तिला कोकणात नाचणी म्हणतात. आपली खुरासणी पलीकडे कारळे होते. आपल्या शेतातली वरई वाण्याच्या दुकानात भगर म्हणून विकली जाते. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने आपल्या आठवडे बाजारात एखाद्या म्हातारीकडे कारळे मागितले तर ती 'नाही' म्हणेल, आणि तिच्यापुढे खुरासणीची रास पडलेली असेल. म्हातारी खोटे बोलत नाही आणि पाहुणाही चुकीचे मागत नाही. नुसते दोघांच्या याद्या जुळत नाहीत.

लिनक्सवर मराठी लिहू पाहणाऱ्याला हाच अनुभव येतो. देवनागरी अक्षरे पडद्यावर नीट उमटण्यासाठी फॉन्ट लागतो. लिनक्सवर फार वापरला गेलेला असा फॉन्ट म्हणजे लोहित. लोहित या संस्कृत शब्दाचा अर्थ तांबडा, आणि रेड हॅट या कंपनीने हे फॉन्ट २००४ साली सर्वांसाठी खुले केले, त्यामुळे नावातली गंमत लक्षात येते. पुढे कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी त्यांची निगा राखली. आता हाच फॉन्ट डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या नावाने आहे आणि फेडोरात 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स' या नावाने. शब्द जवळपास तेच, क्रम उलटा. डेबियनमध्ये फॉन्टच्या पॅकेजांची नावे पूर्वी 'टीटीएफ' या अक्षरांनी सुरू होत. ती पुढे बदलून 'फॉन्ट्स' या शब्दाने सुरू होणारी झाली. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात पाहून किंवा फेडोरा वापरणाऱ्या मित्राला विचारून कोणी डेबियनवर ते नाव टंकले, तर ठावठिकाणा लागत नाही असेच उत्तर येणार. मराठी लिनक्सवर चालतच नाही, असा समज करून घेऊन तो संगणक बंदही करील. प्रत्यक्षात फॉन्ट त्याच्या भांडारातच असतो, दुसऱ्या नावाने.

अंदाज करावा, पण कोठवर?

येथे कोणीही विचारील की संगणक एवढा हुशार आहे, तर चुकलेले नाव तो स्वतःच का सुधारून घेत नाही? याचे उत्तर देण्यापूर्वी तो अंदाज कसा करतो ते पाहू.

१९६४ साली फ्रेडरिक डॅमराऊ यांनी दाखवून दिले की लिहिण्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर गळणे, एक जास्त पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. पुढच्याच वर्षी रशियातील व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधले अंतर मोजण्याची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला जितकी अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील, तितके त्यांतले अंतर. उबुंटूमध्ये 'कमांड-नॉट-फाउंड' नावाचा एक मदतनीस आहे, तो याच विचारावर चालतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना रोज लागणारी एक आज्ञा जी, आय, टी या तीन अक्षरांची आहे. घाईत ती जी, टी, आय अशी टंकली जाते. मदतनीस त्या चुकीच्या शब्दापासून एका चुकीच्या अंतरावरचे सर्व शब्द तयार करतो. इंग्रजीची २६ अक्षरे धरली तर एक अक्षर गाळून ३, शेजारची अक्षरे अदलून २, एकेक अक्षर बदलून ७८ आणि एक अक्षर वाढवून १०४, असे पुनरुक्ती धरून १८७ शब्द होतात. यांपैकी जे खरोखर कोणत्या तरी पॅकेजमध्ये आहेत तेवढेच तो पुढे ठेवतो आणि तुम्हाला हे म्हणायचे होते का, असे विचारतो. आज्ञेचे नाव बरोबर असेल पण प्रोग्रॅम बसविलेला नसेल, तर तो कोणत्या पॅकेजमध्ये मिळेल तेही सांगतो.

मात्र तो विचारतो आणि थांबतो. माणसाने हो म्हटल्याशिवाय स्वतःच्या अंदाजाने काही बसवून मोकळा होत नाही. ही मर्यादा सांभाळली नाही तर काय होते, याचा धडा ॲप्टच्याच घराण्यात आहे. 'ॲप्ट-गेट' या त्याच्या जुन्या आज्ञेचा असा नियम होता, की दिलेल्या नावाचे पॅकेज सापडले नाही आणि त्या नावात टिंब, प्रश्नचिन्ह किंवा तारा असेल, तर ते नाव न समजता एक साचा समजायचा, आणि त्या साच्यात बसणारी सारी पॅकेजे घ्यायची. शिवाय साचा नावाच्या मधल्या भागाला जुळला तरी चाले. नावात टिंब असलेली पॅकेजे पुष्कळ आहेत. त्यामुळे एक मागितले असता भलतीच कितीतरी बसविण्याचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे काढून टाकण्याचा प्रस्ताव समोर येई. २०२० साली आलेल्या २.० आवृत्तीत ॲप्ट या नव्या आज्ञेने ही मोकळीक बरीच आवळली. न सापडलेल्या नावाचा मनाने अर्थ लावण्यापेक्षा सरळ 'नाही' म्हणणे बरे, हा अनुभवाचा निष्कर्ष होता.

असाच दुसरा प्रश्न पाच वस्तू मागितल्या आणि एकच नसली तर काय करावे, हा आहे. फेडोरातले पूर्वीचे यम हे साधन 'अमुक पॅकेज नाही' असे छापून बाकीची बसवून टाकीत असे. ती एक ओळ शेकडो ओळींत हरवून जाई आणि काम पुरे झाले असे माणूस समजे. २०१५ साली यमच्या जागी आलेले डीएनएफ एक नाव जुळले नाही तर सगळेच काम थांबवते. ॲप्ट आणि पॅकमन हेही तसेच करतात. अडलेले काम त्रासदायक खरे, पण अर्धे झालेले आणि पुरे झाल्यासारखे दिसणारे काम त्याहून घातक. शिवाय नकार केवळ शब्दांत देऊन ही साधने थांबत नाहीत. ती जाताना एक अंकही मागे ठेवतात. सगळे ठीक झाले तर शून्य, ॲप्ट-गेटला अडचण आली तर १००, आज्ञाच सापडली नाही तर १२७. माणूस समोर नसला तरी दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या अंकावरून कळते की काम झालेले नाही.

नसलेल्या नावावर टपलेले

अंदाजाने वस्तू देऊ नये याचे आणखी एक कारण आहे. डेबियनच्या भांडारात कोणीही उठून पॅकेज ठेवू शकत नाही. ते ठेवणाऱ्यांची पारख झालेली असते आणि यादीवर इलेक्ट्रॉनिक सही असते. पण पायथॉन, जावास्क्रिप्ट, रुबी या भाषांची जी खुली भांडारे आहेत, तेथे कोणालाही मोकळ्या नावाने पॅकेज ठेवता येते. लबाड माणसे याचा फायदा घेतात. प्रसिद्ध नावात लोक कोणती चूक करतील हे ओळखून त्या चुकीच्या नावाचेच पॅकेज ते ठेवून देतात. मग चुकलेल्या नावाला 'नाही' हे उत्तर येतच नाही. 'आहे' असे उत्तर येते, आणि गाठोड्यातून चोर घरात शिरतो. हँबुर्ग विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने २०१६ साली आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी याची चाचणी घेतली. त्याने चुकीच्या नावांची २०० हून अधिक निरुपद्रवी पॅकेजे या तीन भांडारांत ठेवली. ती १७ हजारांहून अधिक संगणकांवर चालविली गेली.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. या यंत्रांना प्रोग्रॅम लिहायला सांगितले तर ती मोठ्या आत्मविश्वासाने कधी कधी अशा पॅकेजांची नावे देतात, की जी कोठेच नाहीत. २०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा १६ प्रारूपांकडून ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले. त्यांत अस्तित्वात नसलेली २ लाख ५ हजारांहून अधिक वेगवेगळी नावे निघाली. त्यांतले एखादे नाव लबाडाने आधीच आपल्या नावावर करून ठेवले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी 'ठावठिकाणा लागत नाही' ही रुक्ष ओळ म्हणजे दारावरची राखणच आहे. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे हा यंत्राचा कमीपणा नव्हे, तो त्याचा गुण आहे.

आपल्या भाषेतला नकार

हा सारा विचार कितीही चांगला असला, तरी नकार ज्या भाषेत दिला जातो ती ऐकणाऱ्याला कळली पाहिजे. या बाबतीत मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. ॲप्टचे संदेश मराठीत आलेले आहेत. मुंबईच्या सी-डॅक या सरकारी संस्थेतील जनभारती प्रकल्पातून २००८ च्या सुमारास हे भाषांतर झाले. संगणकाची भाषा मराठी निवडली तर नकाराची ओळही मराठीत दिसू शकते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात लिनक्सचे पाठही मराठीतून ऐकायला मिळतात. ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, अशा विद्यार्थ्याला याचे मोल किती, हे माझ्यासारखा घरातला पहिलाच महाविद्यालयीन विद्यार्थी सांगू शकतो.

पण आपल्या भागातील लोकांना 'नाही' हा शब्द जास्तीत जास्त ऐकावा लागतो तो पॅकेजबद्दल नव्हे, स्वतःच्या नावाबद्दल. आमच्याकडील गावित हे आडनाव घ्या. रोमन लिपीत त्यातला 'व' कोणी व्ही या अक्षराने लिहितो, कोणी डब्ल्यूने. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे. अमेरिकेत आडनावे उच्चारावरून शोधता यावीत म्हणून साउंडेक्स नावाची पद्धत निघाली, तिचे पेटंट १९१८ चे आहे. त्या पद्धतीत व्हीला अंक आहे आणि डब्ल्यू सोडून दिला जातो, म्हणून आपले गावित तेथेही दोन निराळी माणसे ठरतात. लेव्हेनश्टाइन यांच्या मोजणीत मात्र या दोन लेखनांत फक्त एका अक्षराचे अंतर आहे. म्हणजे शोधायचेच ठरवले तर ते सापडण्यासारखे आहे.

माझ्या वडिलांना पिकाच्या नुकसानीच्या मदतीसाठी एका कचेरीत जावे लागले होते. संगणकात पाहून त्यांना सांगण्यात आले, 'यादीत नाव नाही.' ते एस.टी. धरून परत आले. दुसऱ्या खेपेलाही तेच उत्तर मिळाले. वडील चौथीपर्यंत शिकलेले आहेत. संगणक म्हणतो म्हणजे खरेच असणार, असे म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. आईच्या आग्रहाने तिसऱ्यांदा गेले तेव्हा खुर्चीवर दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारले, 'बाबा, आडनाव इंग्रजीत कसं लिहितात? थांबा, दुसऱ्या अक्षरानं बघते.' आणि नाव निघाले. यादी तीच होती, संगणकही तोच. फरक एवढाच की त्या बाईंनी 'नाही' या उत्तराचा अर्थ विचारला.

लिनक्सच्या साधनांत जी समज प्रोग्रॅमच्या आत घालून ठेवली आहे, ती आपल्या कचेऱ्यांतल्या यंत्रांतही घालता येणार नाही असे नाही. अनोळखी नाव, नोंद असूनही रिकामे असलेले नाव, बदललेले नाव आणि पदाचे नाव, यांना वेगवेगळी उत्तरे देता येतात. जवळची नावे पुढे ठेवून 'यांपैकी आपण कोण?' असे विचारता येते. आणि ओळख पटल्याशिवाय एकाची रक्कम दुसऱ्याला न देण्याची सावधगिरीही त्याच वेळी राखता येते. उबुंटूचा मदतनीस सुचवतो आणि थांबतो, त्यात ही दोन्ही पथ्ये आली.

तोपर्यंत आपण सुशिक्षितांनी एवढे तरी करावे. यंत्राने 'नाही' म्हटले की त्याचा पूर्ण अर्थ मनात लावून घ्यावा: 'माझ्याजवळच्या यादीत, या अक्षरांनी, आजच्या तारखेला मला सापडले नाही.' या वाक्यातच पुढचे प्रश्न दडलेले आहेत. यादी कोणती? ती केव्हाची? अक्षरे कोणती? आपल्या वाड्यापाड्यांतून कोणी कागद घेऊन कचेरीच्या पायरीवर उभा दिसला, तर हे तीन प्रश्न त्याच्या वतीने विचारणारा एक तरी विद्यार्थी त्याच्याबरोबर आत गेला पाहिजे.